पावस आडवो येता

‘अभिलेख कक्षाच्या छतातून पावसाचे पाणी गळत असून महत्त्वाचे शासकीय अभिलेख भिजत आहेत. तरी आपले स्तरावरून तातडीने कार्यवाही व्हावी, ही विनंती.’

तहसील कार्यालयाचं हे पत्र माझ्या टेबलावर आलं जून २०२१ मध्ये. मागची फाईल काढली तर शब्दन्‌शब्द तसंच पत्र २०२० चं होतं, २०१९ चं होतं, त्याआधीचीही होती. जावक क्रमांक आणि सहीखालचं नाव तेवढं बदलत गेलेलं. ‘तातडीने’ मात्र सगळ्यांत होतं.

मी सार्वजनिक बांधकाम विभागात शाखा अभियंता. तेव्हा सिंधुदुर्गातल्या एका तालुक्यात नुकतीच बदलून आले होते. गावात वयस्कर माणसं अजून आमच्या खात्याला ‘बी ॲण्ड सी’ म्हणतात, म्हणजे इमारत व दळणवळण. खात्याचं नाव बदलून जमाना झाला तरी. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यात. घर माळवदाचं. लहानपणी दर उन्हाळ्याच्या शेवटी आजोबा पांढरी माती आणून माळवदावर पसरायचे आणि आम्ही पोरं ती तुडवायचो. वर्षभरात आमच्याकडे जेवढा पाऊस होतो तेवढा इथे एका आठवड्यात पडलेला मी त्याच जुलैत पाहिला. पावसाची माझी अक्कल तेवढीच होती, हे आधीच सांगून ठेवते.

पत्र आलं तरी लगेच गेले नाही. मे महिन्यात तौक्ते वादळ किनारा झोडपून गेलं होतं, त्याची उडालेल्या पत्र्यांची आणि पडलेल्या झाडांची कामं चालू होती. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर सरकारी दवाखान्यांच्या अग्निसुरक्षेच्या आणि वायरिंगच्या तपासण्या सुरू होत्या. आमच्या विद्युत शाखेला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग जुलैचा पूर आला. घाटरस्ते खचले, दरडी आल्या. रस्ता बंद असताना छत गळतंय म्हणून कोणी जात नाही, आणि रस्ता कायम कुठे तरी बंदच असतो. इमारती मागे पडतात त्या अशा.

अखेर गेले ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर. ही पहिली चूक. तेव्हा ती चूक आहे हे कळलंही नाही.

कार्यालयाचे दोन भाग आहेत. समोरचा ब्रिटिश काळातला: जांभ्याच्या दोन फुटी भिंती, सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं, चारी बाजूंनी पुढे आलेली वळचण आणि पडवी. मागचा भाग १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला, कामकाज वाढलं, त्यानंतरच्या काही वर्षांत बांधलेला. सपाट स्लॅब, तीन फुटी कठडा, खिडक्यांवर दीड फुटी छज्जे. नकाशा नमुन्याचा. हुबेहूब अशी इमारत मी मंगळवेढ्याकडेही पाहिली आहे आणि तिथे ती शोभूनही दिसते. कोकणात लोक स्वतःच्या घराला स्लॅब घालतात आणि चार वर्षांत त्याच्यावर पत्रा चढवतात. सरकारी इमारतीवर पत्रा चढवायचा तर त्यासाठी वेगळी मान्यता लागते.

गच्चीवर जायला जिना नव्हता. शिपाईकाकांनी शेजारच्या दुकानातून बांबूची शिडी आणली. वर गुडघाभर गवत. दोन पन्हाळींपैकी एकीच्या तोंडात पिंपळ उगवलेला, चांगला हाताएवढ्या जाडीचा. दुसरीत पाला, गुटख्याच्या पुड्या आणि वानरांनी आणून टाकलेली नारळाची करवंटी. मधोमध कुणी तरी डिश अँटेना बसवली होती, तिचे चार बोल्ट सरळ कोब्यात, म्हणजे पाणी अडवायला स्लॅबवर घातलेल्या विटा-सिमेंटच्या थरात, ठोकलेले. माझ्या दृष्टीने खटला तिथेच संपला. मी फोटो काढले, पावलांनी मोजतात तशी ढोबळ मापं घेतली, मग टेपने पक्की घेतली: ३१० चौरस मीटर.

खाली अभिलेख कक्षात लाकडी घोड्यांवर रुमालात बांधलेली दप्तरं. काही मोडीतली. पश्चिमेकडच्या तिसऱ्या घोड्यावर निळं प्लास्टिक अंथरलेलं आणि त्याच्या खाचेत एक पत्र्याचा डबा. स्लॅब आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात काळा-हिरवा डाग, खालच्या बाजूने रुंद होत गेलेला. आवरण सुटून दोन सळ्या उघड्या पडल्या होत्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट आतून ढकलून टाकतं, हे कॉलेजात शिकलेलं डोळ्यांसमोर होतं. कोपऱ्याकडे मी वर पाहिलं. वरच पाहिलं.

‘‘पावसात येवा मॅडम,’’ काका म्हणाले, ‘‘आता काय दिसताला?’’

मी हसले. माझ्याकडे ३१० चौरस मीटर होते, पिंपळाचा फोटो होता.

अंदाजपत्रकाची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं की सरकारी दुरुस्ती म्हणजे एक फोन आणि एक ठेकेदार. आधी बाब ठरवायची. तिचा दर दरसूचीतूनच, म्हणजे खात्याच्या ठरलेल्या दरांच्या यादीतूनच घ्यायचा. मग मापं, परिमाणं, गोषवारा. पैसे कोणत्या लेखाशीर्षातून येणार ते लिहायचं: कार्यालयाची दुरुस्ती असेल तर २०५९, निवासस्थान असेल तर २२१६, नवीन इमारत असेल तर ४०५९. हे आकडे आमच्या खात्यात रिक्षाच्या स्टॉपसारखे बोलले जातात. ‘४०५९ ला पैसे आहेत, २०५९ ला नाहीत’ हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की मोजलं नाही. नवीन इमारतीला कोनशिला असते, फीत असते, पाहुणे असतात. कोबा फोडून पुन्हा घालण्याला कोण येणार?

माझ्या अंदाजपत्रकात जुना कोबा उकरून काढणे, नवीन ब्रिक बॅट कोबा, आतून उघड्या सळ्यांची दुरुस्ती, पन्हाळी आणि पावसाचे पाईप बदलणे, आतला रंग, आणि शेवटी ‘पश्चिम बाजूच्या बाह्य भिंतीचा गिलावा तासून पुन्हा करणे’ एवढ्या बाबी होत्या. शेवटची बाब मी दिसण्यासाठी घातली होती. तिकडचा गिलावा पोपडे येऊन वाईट दिसत होता, रस्त्यावरून लोकांच्या नजरेला यायचा. मूळ रक्कम ८ लाख ४० हजार. त्यावर १२ टक्के जीएसटी १ लाख ८०० रुपये. एकूण ९ लाख ४० हजार ८००.

फाईल फेब्रुवारी २०२२ मध्ये वर गेली. शेरे येत गेले. ‘डागाचे फोटो रंगीत जोडावेत.’ ‘मागील दुरुस्ती केव्हा झाली, त्याचा दोष दायित्व कालावधी संपला आहे काय, स्पष्ट करावे.’ म्हणजे मागच्या ठेकेदाराची दुरुस्तीची जबाबदारी अजून आहे का. हा शेरा रास्त होता. मागचा कोबा कधीचा ते शोधायला मला जुन्या नोंदवह्यांत दोन दिवस गेले. जूनमध्ये प्रशासकीय मान्यता आली, बरोब्बर ९ लाख ४० हजार ८०० ची. तेव्हा बाहेर पाऊस होता आणि तिसऱ्या घोड्यावरचा डबा दिवसातून दोनदा रिकामा होत होता. तांत्रिक मान्यतेला फाईल ठेवली आणि १८ जुलै २०२२ पासून सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झाला.

मूळ ८ लाख ४० हजारांवर आता १ लाख ५१ हजार २०० कर. मान्यता मिळालेल्या रकमेपेक्षा ५० हजार ४०० जास्त. सुधारित मान्यतेला पाठवायचं म्हणजे आणखी एक पावसाळा. आमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. ‘‘आहे त्यातच बसवा मॅडम. ४३ हजार कमी करायचेत मूळ रकमेतून. कशावाचून अडत नाही ते बघा.’’

कशावाचून अडत नव्हतं ते शोधायला मला पाच मिनिटं लागली. पश्चिमेचा गिलावा. बाब खोडली, नवीन गोषवारा टाईप केला, बेरीज बसली. त्या संध्याकाळी मी खुशीत घरी गेले, हे आठवतं.

पुढचं थोडक्यात. लहान कामांचं वाटप तेव्हा आमच्याकडे ३३:३३:३४ या प्रमाणात व्हायचं, सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार. आमचं काम मजूर संस्थेच्या वाट्याला गेलं. कार्यारंभ आदेश निघाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. मार्चअखेरीच्या गडबडीत कोणी हात लावला नाही. प्रत्यक्ष पहार पडली १२ एप्रिलला.

जुना कोबा फोडताना मी रोज जायचे. एवढं बारकाईने पाहावं असं त्या कामात हेच होतं. वर पांढऱ्या केमिकलचा पातळ पापुद्रा, तो निघाला की सिमेंटचा इंचभर थर, त्याच्याखाली उन्हात वितळून चिकटलेलं डांबरी फेल्ट, त्याच्याखाली आणखी एक सिमेंटचा थर आणि मग मूळचा कोबा. आधीच्या प्रत्येकाने खालचं न काढता वर आपलं काही तरी घातलेलं. काढणं खर्चाचं, घालणं दिसतं. प्रत्येक थरामागे एक मोजमाप पुस्तिका, एक बिल, कुणा तरी माझ्यासारख्याची सही. दहा सेंटिमीटर कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. इथे ठिकठिकाणी सतरा-अठरा सेंटिमीटर भरला. स्लॅब चाळीस वर्षं पाण्याने जेवढा दमला नसेल तेवढा आमच्या दुरुस्त्यांनी दमला होता. राडारोडा खाली न्यायला बावीस ट्रॉल्या लागल्या.

आमच्याकडे सीआरटीवरचे, म्हणजे रोजंदारीवरून नियमित झालेले, एक मिस्त्री होते, निवृत्तीला वर्षही न राहिलेलं. ते कोब्यावर बसूनच असत. विटांचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजलेले हवेत, कोरडे लावले तर मसाल्यातलं पाणी पिऊन टाकतात. ढाळ पन्हाळीकडे शंभराला एक. कठडा आणि गच्चीच्या कोपऱ्यात गोलाई मारायची, साइटवर तिला ‘वाटा’ म्हणतात, ती कठड्यावर फूटभर चढलेली हवी. मजुराने एके ठिकाणी वाटा घाईत ओढला तर मिस्त्रींनी थापी उलटी धरून तो सगळा खरवडून काढला, मजूर संस्थेच्या चेअरमनसमोर. चेअरमन काही बोलले नाहीत. वीट घाटावरून आलेली. इथे घरं जांभ्याची, विटेचं काम फार नसतं.

मग पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात कोब्यावर साठवायला पाणी नाही. विहीर तळाला, नळ एक दिवसाआड. गच्चीवर मातीचे बांध घालून, वाफे करून टँकरने पाणी आणलं. रस्त्याने जाणाऱ्या बायका कळशा घेऊन थांबून वर बघायच्या. मला मान वर करवत नव्हती. पण कोबा कच्चा राहिला तर पुढचं सगळंच पाण्यात. दहा दिवस पाणी ठेवलं, शेवटचे तीन दिवस पन्हाळी बंद करून चाचणी घेतली. खाली छताला खडूने चौकोन आखून सकाळ-संध्याकाळ हात लावून पाहिला. कोरडं ठणठणीत.

मोजमाप पुस्तिकेत नोंदी केल्या. त्या वहीत खाडाखोड चालत नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून सही करायची. माझ्या त्या पानांवर एकही रेघ नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला. ११ जूनला दक्षिण कोकणात आला आणि बिपरजॉय वादळाच्या नादात तिथेच रेंगाळला; मुंबईला पोहोचायला २५ जून उजाडला. आमच्याकडे जूनअखेरपर्यंत सरळ सरी पडल्या. अभिलेख कक्ष कोरडा. तहसीलदार रावसाहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं, निळं प्लास्टिक काढलं म्हणून. आमच्या धंद्यात कोरडं आहे म्हणून फोन येत नाही; मी तो नवऱ्याला सांगितला, आईला सांगितला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रात्रभर नैऋत्येचा वारा सुटला. सकाळी साडेआठला फोन.

‘‘मॅडम, तिसरा घोडा.’’

गेले तेव्हा डबा परत जागेवर होता आणि थेंब पडत होता, त्याच कोपऱ्यातून, त्याच संथपणे. मी शिडी मागितली. भर पावसात गच्चीवर गेले. पन्हाळी धो धो वाहत होत्या, कोब्यावर बोटभरही पाणी साचलेलं नव्हतं. पाय आपटून पाहिला, पोकळ आवाज नाही. वाटा शाबूत. छत्री उलटी झाली म्हणून मी पाठ फिरवली तर पाऊस मानेवर न लागता थेट कानात शिरला.

खाली काका पडवीत उभे होते. मला वरून खाली येताना पाहून म्हणाले, ‘‘तुमी वयर कित्याक बघतास? पावस आडवो येता, मॅडम.’’

मिस्त्री काही न बोलता बाहेरून पश्चिमेच्या भिंतीकडे गेले. काँक्रीटचा बीम जिथे संपतो आणि खाली जांभा सुरू होतो, तिथे गिलाव्यात भिंतभर एक आडवी चीर होती. नखाएवढी. काँक्रीट आणि जांभा उन्हात वेगवेगळे फुगतात-आकसतात, त्यांच्या सांध्यावर जाळी न मारता नुसता गिलावा केला की तो तिथे फाटतोच. हेही कॉलेजात शिकलेलं. चिरेतून आत गेलेलं पाणी जांभा पिऊन घेतो, त्याला छिद्रंच छिद्रं, आणि सोयीस्कर जागा मिळेल तिथे ते आत सोडतो. आमच्या बाबतीत बीमच्या बुडाशी, अगदी छताला टेकून. म्हणून डाग छताचा दिसत होता. म्हणून तो खाली रुंद होत गेला होता, आणि मी ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात त्याच्याकडे बघून वर पिंपळ शोधत होते.

उघडीप मिळाली तेव्हा खात्री करून घेतली. काकांनी बागेचा पाईप लावून चिरेवर पाणी मारलं, मी आत घड्याळ धरून बसले. अठराव्या मिनिटाला थेंब.

गच्ची गळत नव्हती असं नाही. पिंपळाच्या पन्हाळीपाशी ओल होतीच, बोल्टच्या भोकांतूनही पाणी जात असणार, कोबा करायलाच हवा होता. पण दप्तरं भिजत होती ती भिंतीमुळे, आणि भिंत माझ्या अंदाजपत्रकात होती. ४३ हजारांसाठी मीच ती बाहेर काढली होती. पहिल्या आणि दुसऱ्या अंदाजपत्रकाच्या प्रती फाईलला एकामागे एक लागलेल्या आहेत, कुणीही बघावं.

साहेबांना सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘‘गिलावा मीही कमीच केला असता.’’

संस्थेला सांगता येईना. भिंत त्यांच्या कामात नव्हती. चेअरमननी तेच बरोब्बर ऐकवलं, वर चहाही पाजला. अंतिम बिलात दोन बाबींची परिमाणं कमी भरली होती, त्या बचतीतून जादा-कमी विवरणपत्र करून भिंतीला मान्यता घ्यायचं ठरलं. पण भर पावसात गिलावा करता येत नाही, आणि विवरणपत्रालाही त्याचा वेळ लागतो. तोवर काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि त्यांचा मुलगा टेम्पोत विणलेली झापं घालून आले. नारळाच्या झावळ्यांची, घरची. इथे घराघराला पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूला ती बांधतात. समोरच्या जुन्या इमारतीच्या पडवीला त्यासाठी ठोकलेले खिळे अजून आहेत, मी ते दोन वर्षं रोज बघत होते. कौलं परतायला माणसं यायची, झापं बांधली जायची, पन्हाळी काढल्या जायच्या, शाकारणीचाच तो भाग, असं काकांनी सांगितलं. त्यांचे वडीलही इथेच शिपाई होते. मागची इमारत स्लॅबची झाली तेव्हा तिला शाकारणी लागणार नाही असं धरलं गेलं. आजोबा पांढरी माती का पसरायचे असं मीही कधी विचारलं नव्हतं.

पश्चिमेची भिंत झापांनी झाकली. खिडक्यांतून अंधार आला, कारकुनांनी कुरकुर केली, दिवसाही दिवे लावावे लागले. डबा मात्र त्या आठवड्यातच कोरडा पडला. पैशाचं विचारलं तर काका म्हणाले, ‘‘ऱ्हवांदे.’’ मला ते बरं वाटलं नाही, पण देणार कुठून? लेखाशीर्ष सांगा.

भिंतीचा गिलावा जानेवारी २०२४ मध्ये झाला. जुना तासून जांभा उघडा केला, सांध्यावर दोन्हीकडे सहा-सहा इंच जाईल अशी कोंबडीची जाळी ठोकली, दोन थरांत गिलावा, वर जलरोधक रंग. मिस्त्री निवृत्त झाले होते तरी तीन दिवस येऊन उभे राहिले.

आणि मार्चमध्ये मी त्या इमारतीचं वार्षिक देखभालीचं वेगळं अंदाजपत्रक केलं. लहानसंच. मे महिन्यात गच्ची झाडणे, पन्हाळी साफ करणे, कौलं परतणे, फुटकी बदलणे. शेवटची बाब: पश्चिम बाजूच्या भिंतीस नारळाची झापे बांधणे व पावसाळ्यानंतर काढणे. काकांना या वेळी बाजारभावाने पैसे मिळावेत एवढाच त्यात स्वार्थ.

फाईल आठवड्यात परत आली. या वेळी शेरा लाल शाईत होता. ‘बाब क्र. ७ दरसूचीत आढळून येत नाही. सबब तीन दरपत्रके घेऊन दर पृथक्करण जोडावे. तसेच झाप या बाबीचे एकक नग की चौरस मीटर, याचा खुलासा व्हावा.’

दरपत्रकं कशीबशी मिळाली. एकक चौरस मीटर लिहिलं.